बैलगाडीमागची जीप

कुरुंदा, ता. वसमत, जि. परभणी
१४ नोव्हेंबर १९९८

सृष्टी,

मायन्यात ‘चि.’ लिहिलं होतं, मग खोडलं. वर दिसते आहे ती खाडाखोड तीच. नवा कागद घेतला असता, पण कागद झाडापासून होतो आणि तुझ्यासाठी झाड तोडावं असं आता वाटत नाही.

तुझं पत्र मिळालं. वसमतला तू राहतेस ती गल्ली माझ्या शाळेच्या वाटेवर आहे. रोज जाता-येता माझी सायकल तिच्या तोंडावरून जाते. मी घंटी वाजवत नाही आणि मान वळवत नाही. तेव्हा उत्तर पोस्टानेच येईल.

तू लिहितेस, ‘नाना, तुमचा राग जातीवर आहे.’ वहीत असतं तर याला लाल शाईने गोल केला असता. मी विज्ञानाचा शिक्षक आहे. कोंडीबा इतकी वर्षं आपल्या रानात हळद खणतो, त्याच्याशी मी कधी वाकडं बोललो का? त्याच्यासाठी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा कप ठेवलेला आहे, चांगला दांडीचा. घरातले कप फुटून गेले, त्याचा अजून शाबूत आहे. माझं भांडण कोंडीबाच्या पोराशी नाही, त्याच्या जीपच्या धुराशी आहे.

नववीत मीच तुला शिकवलं होतं. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, कारण आपल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तेवढा झाडं पचवतात. पण जमिनीच्या पोटातलं तेल काढून जाळलं की हाच वायू वर साचतो, पृथ्वीची ऊब बाहेर जाऊ देत नाही, आणि उन्हाळे तापत जातात. गेल्या वर्षी जपानात सगळं जग एकत्र बसलं आणि हा धूर कमी करायचं ठरलं. त्याला वर्ष होतं न होतं तोच माझ्या मुलीने नोंदणी कचेरीत जाऊन काळी-पिवळी जीप चालवणाऱ्याशी लग्न केलं. शाळेत मी फळ्यावर वायूची आकृती काढायला वळलो की मागे पोरं खुसखुसतात.

हे सगळं एका पंक्चरपायी झालं, हे मला मागाहून कळलं. कॉलेजला सायकलनेच जायचं हा माझा नियम होता, आणि पंक्चर झाली तर ढकलत आणायची हाही माझाच. तू ढकलत आणायला हवी होतीस. तू ती कोंडीबाच्या प्रेमानंदला जीपच्या टपावर टाकू दिलीस आणि स्वतः आत बसलीस.

तू गणितही घालतेस. एका जीपमध्ये चौदा माणसं बसतात, तीच चौदा माणसं आपापल्या मोटारसायकलींवर निघाली तर धूर कितीतरी जास्त होईल. गणित बरोबर आहे, उत्तर चूक आहे. जीप कोणाची आहे हे तू धरलंच नाहीस.

हरीशच्या हीरो होंडाचा दाखला पुन्हा देऊ नकोस. तुझा भाऊ नांदेडला नोकरीला आहे, त्याला वेळेवर पोचावं लागतं. शिवाय त्याची गाडी अंगणात आली की मी तिच्यावर पोतं टाकतो.

माझी अट एकच आहे. ज्या दिवशी तुम्ही धुराशिवाय माझ्या दारात याल, त्या दिवशी दार उघडं. तुझ्या आईला हे मी सांगितलं. सखुबाई चुलीत फुंकत होती. म्हणाली, ‘आपल्या चुलीला बी धूर हाय की.’ तिला विज्ञान कळत नाही.

संतराम


कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली
१० मे १९९९

सृष्टी,

वरचा पत्ता नीट पाहा. या महिन्यापासून आपला जिल्हा हिंगोली झाला. पुढच्या पत्रावर परभणी लिहिलंस तर पत्र उशिरा येईल आणि दोष मला देशील.

तुला सातवा लागल्याचं कळलं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि लेकीला आणायला घरून मुराळी जातो, हे मला शिकवायची गरज नाही. तुझ्या आईने घर डोक्यावर घेतलं आहे. ‘तुमीच मुराळी होऊन जा. सायकलीवर जा, न्हाई कोण म्हणतंय? पण लेकीला आणा.’ मी म्हटलं, दिवस भरत आलेली बाई कॅरियरवर बसवणं योग्य नाही. ‘मग यष्टीनं आणा.’ म्हटलं, एस.टी.लाही धूर आहे. ‘मग बैलगाडी न्या.’ म्हटलं, बैल नांगरटीला लागले आहेत. तेव्हा ती म्हणाली, ‘मग आणायचंच न्हाई म्हणा ना सरळ.’ मी असं म्हटलेलं नाही. हे ती म्हणाली, याची नोंद असू दे.

तुझ्यासाठी तिने डिंकाचे लाडू वळले होते. डबा फडक्यात बांधून शेजारच्या शेषरावच्या हाती तुझ्याकडे धाडायचा तिचा बेत होता. शेषराव वसमतला जातो तो जीपनेच. म्हणून तो डबा मी महाराष्ट्र दिनाच्या सायकल-फेरीत नेला आणि पुढे आलेल्या पोरांना वाटला. पोरांनी बोटं चाटली. सखुबाईच्या हाताला चव आहे, हे मी कधीच नाकारलेलं नाही.

तुझ्याकडे एकटीने यायचं तर तिलाही जीप किंवा एस.टी. लागणार. मी तिला सायकल शिकवायला तयार आहे. ती रडते. शिकायची इच्छाच नसेल तर शिक्षक काय करणार?

गेल्या आठवड्यात हरीशचं लग्न झालं, ते तुला कोणीतरी सांगितलं असेलच. वऱ्हाडाला जीपा कराव्या लागल्या. व्याह्यांसमोर नाइलाज होता. तुमची केली नाही, एवढं पथ्य पाळलं.

संतराम


कुरुंदा
२८ जानेवारी २००१

सृष्टी,

संक्रांतीच्या दिवशी जे झालं त्याबद्दल तुझं पत्र आलं. त्यात एकही ओळ मुद्द्याला धरून नाही.

तुम्ही सायकलींनी आलात, हे मी पाहिलं. तू तुझ्या जुन्या सायकलवर होतीस, तिची साखळी अजून कुरकुरते. प्रेमानंद दुसऱ्या सायकलवर, आणि दांडीवरच्या छोट्या बैठकीत पोरगी. तिचं नाव दीक्षा ठेवलंत, ते मला बाजारात कळलं. वाटेतली माणसं थांबून बघत होती, काहींनी तर कामं सोडली. शेषरावची बायको म्हणाली म्हणे, ‘आता गुरुजी काय करतेत बघू.’ माझ्या तत्त्वाचा असा तमाशा करायचं कारण नव्हतं.

दार बंद होतं. मी आत होतो. कडी आतून लावलेली होती, कारण दुपारी मी वाचत असतो. तू हाका मारत होतीस, ‘नाना, धूर न्हाई आणला, बघा तरी.’ मी ऐकलं. ऐकून विचार केला. प्रेमानंदने आदल्या दिवशी जीप चालवली होती आणि दुसऱ्या दिवशीही चालवणार होता. एक दिवस सायकल मारून कोणी निर्मळ होत नाही. मी ‘धुराशिवाय’ म्हटलं होतं, ‘एक दिवस धुराशिवाय’ असं म्हटलं नव्हतं. अट तुम्ही अर्धीच वाचलीत.

तुझी आई खिडकीपाशी गेली, तिला मी अडवलं नाही. खिडकीही लावली नाही, हे तू पत्रात लिहायला विसरलीस. गजांतून तिने पोरीचं बोट धरलं आणि फार वेळ सोडलं नाही. पोरीसाठी तिने वाकळ शिवून ठेवली होती. तुझे लहानपणचे झगे आणि तिची जुनी लुगडी, सगळे तुकडे जोडून. ती तिने गजांतून बाहेर सरकवून पाहिली. जाड वाकळ, कशी जाणार? घडी मोडून पाहिली, गुंडाळून पाहिली, तरी अडकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘एवढं दार उघडा हो. मी बाहेर जात न्हाई, नुसती वाकळ देते.’ मी पान उलटलं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. घरात शांतता आहे, वाचन बरंच होतं.

संतराम


कुरुंदा
१९ फेब्रुवारी २००३

सृष्टी,

तू वसमतला काहीबाही सांगत फिरतेस असं कानावर आलं. अशा प्रसंगी माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतो.

शुक्रवारी दुपारी रानात हळद शिजवायचं काम चालू होतं. कढईपाशीच तुझ्या आईच्या छातीत कळ आली, घाम फुटला आणि ती खाली बसली. दुपारची एस.टी. येऊन गेली होती. शेषराव बांधावरून धावत आला. म्हणाला, ‘गुरुजी, प्रेमानंदची जीप फाट्यावर उभी हाय. आवाज देऊ का?’ मी म्हटलं, बैल जुंप. तो म्हणाला, ‘अहो, काहून येळ घालून राहिलात? बाई चाललीय हातची.’ मी पुन्हा म्हटलं, बैल जुंप. त्याने जुंपले. या गावात शिक्षकाचा शब्द अजून चालतो.

जीप मी बोलावली नव्हती, कोणीतरी सांगितलं आणि ती आली. तू आत होतीस, कोंडीबाच्या घरी आलेली. प्रेमानंदने जीप आमच्या गाडीपुढे आडवी घातली आणि खाली उतरून हात जोडले. म्हणाला, ‘नाना, मी चालवत न्हाई, दुसरा कोणी चालवल. मी हात बी लावत न्हाई. मायला तेवढं आत टाका.’ मला नाना म्हणायचा त्याला अधिकार नाही, तरी मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं, ‘प्रेमानंद, तुझे आईबाप अजून याच गावात राहतात.’ त्याने जीप बाजूला घेतली. पोरगा समंजस आहे, हे मी मान्य करतो.

त्यानंतर सगळी वाट तुमची जीप आमच्या बैलगाडीच्या मागे चालत राहिली, पहिल्या गिअरमध्ये. पहिल्या गिअरला त्याच अंतराला किती जास्त डिझेल जळतं, हे जीपवाल्याच्या बायकोला ठाऊक असायला हवं. निम्म्या वाटेने तो धूर वाऱ्यावर पुढे येत होता, तुझ्या आईच्या तोंडावर. मी ओरडून सांगत होतो, मागे राहा. कोणी ऐकलं नाही. तू उतरून गाडीच्या कडेने चालत होतीस, अनवाणी, तिचा हात धरून. चप्पल जीपमध्येच राहिली असेल.

ओढ्याच्या उतारावर मी गाडी थांबवून बैलांना पाणी दाखवलं. ऊन कडक होतं आणि जनावर मुकं असतं. त्या वेळी प्रेमानंदने इंजिन बंद केलं, तेवढी एक गोष्ट त्याने चांगली केली. तू मला बोललीस ते मी मनात ठेवलेलं नाही.

तू सांगत फिरतेस की तुझ्या आईने जीपमध्ये घाला म्हटलं. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा होत्या, मागे इंजिन घरघरत होतं. मला काही ऐकू आलं नाही. जे ऐकूच आलं नाही त्याचा जाब मला कोणी विचारू शकत नाही.

वसमतच्या हळदीच्या गोदामांच्या अलीकडे तू ओरडलीस. मी पुढे बैलांकडे बघत होतो, त्यामुळे नेमकं कधी ते सांगता येणार नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. डॉक्टर नेहमीच असं म्हणतात.

तिला परत घरी आणायला हरीशने टेम्पो केला. त्याला मी हरकत घेतली नाही. हरीश दमला होता.

अंत्यविधीला तुम्हाला अंगणाबाहेर उभं राहावं लागलं, त्याचं कारण जागा कमी होती. दहाव्याला येऊ नये. शेषरावने परवा बैलगाडीची चाकं काढून ठेवली आणि मला बघून तो दुसऱ्या वाटेने जातो. लोकांना दुःखात कसं वागावं कळत नाही.

संतराम


कुरुंदा
१२ मे २००७

चि. सृष्टीस,

चार वर्षांनी लिहितो आहे. या वेळी ‘चि.’ खोडलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

एक आनंदाची बातमी आहे. नांदेडची एक संस्था मला पर्यावरण दिनी इथे कुरुंद्यातच पुरस्कार देणार आहे, ‘निर्धूर प्रवासी’ म्हणून. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी शाळेला सायकलनेच गेलो आणि निवृत्तीनंतरही गावोगाव सायकलवर फिरून कार्बन डायऑक्साइडवर बोलतो, याची त्यांनी दखल घेतली. आता लोकांनाही पटू लागलं आहे. आपल्याकडे उन्हाळा कसा झाला आहे ते तू बघतेसच. जवळच्या कामाला चालत, लांबच्याला सायकल, त्याहून लांबच्याला दहाजणांनी मिळून एक गाडी, असं मी सांगतो. हो, दहाजणांनी एक गाडी. तुझं जुनं गणित मी भाषणात वापरतो. नाव सांगत नाही.

भाषणाचा शेवट मी तुझ्या आईवर करतो. सखुबाईने शेवटच्या घटकेलाही धुराची गाडी नाकारली आणि बैलगाडीतच प्राण सोडला, हे सांगितलं की बायका डोळ्यांना पदर लावतात. संस्थेचे लोक असंच एक भाषण ऐकून माझ्याकडे आले. आता त्यांची इच्छा आहे की त्या प्रसंगाबद्दल घरातल्या कोणीतरी मंचावर दोन शब्द बोलावेत. हरीश तेव्हा नव्हता. शिवाय त्याने कार घेतली आहे, ते बरं दिसणार नाही. शेषरावला विचारलं, तर त्याने माझ्यासमोर दार लावून घेतलं. राहिलीस तू.

तुला फार बोलायचं नाही. मी लिहूनच देतो. ‘माझ्या आईने स्वतः जीप नाकारली होती.’ एवढं म्हणायचं आणि बसायचं. जीप तुझ्याच नवऱ्याची होती, त्यामुळे तुझ्या तोंडून ते जास्त खरं वाटेल.

फुकट ये असं मी म्हणत नाही. तुझ्या आईने तुझ्या पोरीसाठी शिवलेली वाकळ माझ्याकडे आहे. सध्या ती सायकलच्या कॅरियरला बांधलेली आहे, पुस्तकांना लोखंड लागू नये म्हणून. जरा विटली आहे, एका कडेला तेल लागलं आहे, पण तुझ्या पिवळ्या झग्याचा तुकडा अजून ओळखू येतो. वाक्य म्हटलंस की वाकळ तुझी. नाही आलीस तर पावसाळ्याआधी मला कॅरियरला नवं काही बांधायचंच आहे, ही तशीही जाईल.

दीक्षा आता शाळेत जात असेल. सायकल शिकली का?

नाना


कुरुंदा
६ जून २००७

सृष्टी,

कालच्या कार्यक्रमाबद्दल.

तू जीपने आलीस. ‘निर्धूर प्रवासी’च्या मंडपाला खेटून जीप लावलीत, हे पाहुण्यांनी पाहिलं. मी म्हटलं, लांबून आलेत. वसमतहून कुरुंदा लांब नाही, हे त्यांना कोण सांगणार? प्रेमानंद खाली उतरला नाही, स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. कोंडीबा आणि त्याची बायको जनकाबाई मंडपाच्या शेवटी उभे होते. त्यांना खुर्ची द्या, असं मी एका कार्यकर्त्याला सांगितलं होतं. दिली का नाही ते पाहायला वेळ झाला नाही.

माझं भाषण चांगलं झालं. चुन्याच्या निवळीचा प्रयोग मंचावर करून दाखवला. निवळी दुधाळ झाली तेव्हा पोरं ‘हाऽ’ म्हणाली. तुझी पोरगीही पुढे येऊन बघत होती. तिचे डोळे थेट तुझ्या आईचे आहेत, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मग तुझं नाव पुकारलं आणि तू उभी राहिलीस, तेवढ्यात वीज गेली. भारनियमन असतंच. संस्थेने जनरेटर आणून मंचाच्या मागेच ठेवला होता. पर्यावरण दिनाला डिझेलचा जनरेटर, हे मी एरवी खपवून घेतलं नसतं. काल मात्र देवासारखा धावून आला. त्याने अशी बोंब मारली की पहिल्या रांगेतल्यांनी कानात बोटं घातली. माइक खरखरून बंद पडला. तू थांबशील असं मला वाटलं. तू थांबली नाहीस. माझा लिहून दिलेला कागद तू हातात चुरगळलास आणि बंद माइकपुढे बोलत राहिलीस.

तुझे ओठ हलताना लोकांना दिसले, गालावरून पाणी ओघळताना दिसलं. त्यांना वाटलं, आईच्या त्यागाबद्दल बोलते आहे. माइक सुरू झाला तोवर तू बोलून संपवलं होतंस. मंडपात टाळ्या पडल्या, बराच वेळ पडल्या. अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘गुरुजी, धन्य तुमची लेक.’ म्हणजे तुला जे करायचं होतं ते झालेलं नाही. माझा पुरस्कार माझ्या भिंतीवर आहे आणि तुझ्या आईची गोष्ट गावाला माहीत आहे तशीच आहे. पुढच्या रविवारी मला आणखी एका गावी तीच सांगायला बोलावलं आहे.

वाकळ तुझी नव्हती, कारण ठरलेलं वाक्य तू म्हटलं नाहीस. पण मी हारतुरे घेत होतो तेव्हा तुझ्या पोरीने कॅरियरच्या दोऱ्या सोडल्या आणि वाकळ काखेत मारून ती जीपमध्ये जाऊन बसली. मी मंचावरून बघत होतो. चारचौघांत आरडाओरडा करणं मला शोभलं नसतं. आज सकाळी सायकल काढली तेव्हा कॅरियर फार उघडा वाटला. त्यावर मी हरीशच्या गाडीचं पोतं बांधलं आहे.

आता मुख्य मुद्दा. तुझं भाषण कोणालाच ऐकू गेलं नाही, पण मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होतो, मला ते सगळं ऐकू आलं. तू म्हणालीस, ‘माझ्या मायनं जीप नाकारली न्हाई. तिनं म्हटलं, मला प्रेमानंदच्या जीपीत घाला. तीनदा म्हटलं. नानांनी ऐकलं न्हाई.’

यात चूक आहे, आणि चूक समोर असताना मी ती कधी तशीच सोडलेली नाही. तीनदा नाही. ती एकदाच म्हणाली, ओढ्याच्या उतारावर, बैल पाणी पीत उभे होते तेव्हा. नंतर तिने नुसता हात केला. पुन्हा कुठे बोलशील तर बरोबर सांगत जा.

संतराम